गाडी कुणाच्या नावावर

वहिनी, परवा पुण्याचे विमा एजंट आले होते. तू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. नेहमीसारखी दारातूनच हाक मारली, "मालकीणबाई आहेत का घरात?" मी बाहेर आले. त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि चहा पिऊन झाल्यावर सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पण शेवटी एजंटच ते. निघताना कामाचं विचारलंच, "बाई, गाडी आता कुणाच्या नावावर करायची? नाव बदलल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. तुम्हाला मी काय सांगायचं?"

खरंच, मला काय सांगायचं? पिंपरीपासून चाकणपर्यंत शोधलं तरी गाडीच्या विम्यावरून माझ्याइतकं भांडलेली बाई सापडायची नाही, आणि भांडले ते सगळं तुझ्याशी. तरी मी त्यांना एवढंच म्हटलं, "बघते."

तू गेल्यापासून गाडी छपरातच उभी आहे. बबन रोज सकाळी येतो, तिच्यावर फडकं मारतो, चाकांतली हवा बघतो आणि पायरीवर बसून राहतो. दहा वर्षं ही गाडी चालवणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? शेजारच्या शेवंताबाईची लेक बाळंतपणाला आली आहे. मागल्या खेपेला ती सासरी अडली, बैलगाडीतून नेईपर्यंत पोर गेलं, हे तुला माहीतच आहे. या वेळी तूच तिला शब्द दिला होतास की गाडी दाराशी उभी असेल. काल शेवंताबाई विचारून गेली, "ताई, गाडी हाय न्हवं?" मी हो म्हटलं. तिला कसं सांगू की गाडी आहे, ड्रायव्हर आहे, पेट्रोलही आहे, फक्त मी एका अर्जावर तुझ्या नावापुढे 'मयत' लिहायला तयार नाही?

हसू नकोस. हसणारच तू. या एका शब्दावरून मी तुझा किती जीव खाल्ला आहे.

दादानं ती गाडी घेतली तेव्हा चिंचवडात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मोटारी होत्या. पिंपरीत निर्वासितांच्या छावणीपाशी पक्की घरं उठत होती, कारखान्यांची बांधकामं निघत होती, आणि आपल्या भट्टीतली वीट निवायच्या आत उचलली जात होती. त्याच भरात दादा एका पारशाकडून ती जुनी विलायती गाडी घेऊन आला. साऱ्या आळीनं तिला हात लावून पाहिला. तू पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा ओवाळून टाकलास, सून घरात यावी तसा. आणि दादानं खिशातून तो विम्याचा कागद काढून माझ्या हातात दिला, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच.

ते इंग्रजी मला कुणामुळे आलं, हे इथंच लिहायला हवं. सासरहून मी कायमची परत आले तेव्हा दादा म्हणत होता, चार दिवस जाऊ देत, परत पोचवू. तू चुलीपुढून उठलीसही नाहीस. तिथूनच म्हणालीस, "वन्संना शाळंत घाला. परत न्हाई जायाच्या त्या." मला एका शब्दानंही विचारलं नव्हतंस की तिकडे काय झालं. अजूनही तुला सांगायचं राहिलंच आहे. आता सांगून काय उपयोग, आणि बहुधा तुला सगळं कळलेलंच होतं.

तर तो कागद. जेवणं झाली की तू मिश्री लावत बसायचीस आणि म्हणायचीस, "वन्सं, वाचा की ती पोथी." मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची आणि तू प्रत्येक ओळीला अडवायचीस. पहिल्याच दिवशी तू मला गारद केलंस. मी सांगितलं, दादानं घेतलाय तो कायद्यापुरता विमा आहे. गाडीला पोचा आला, चोरीला गेली, जळली, तर यातून काही मिळत नाही. त्यासाठी दुसरा, मोठा विमा असतो. हा विमा एवढ्यासाठीच की आपल्या गाडीखाली कुणी आलं, कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई कंपनी करील.

"म्हंजी आमच्या गाडीला काय झालं तर कायबी न्हाई?"

"नाही."

"आन् रस्त्यावरच्या कुनाला झालं तर हाय?"

"हो. त्याला तिसरा माणूस म्हणतात. पहिला दादा, दुसरी कंपनी, आणि तिसरा तो."

"मग ह्याला गाडीचा इमा कशापायी म्हनायचं? त्या रस्त्यावरच्या मानसाचा इमा म्हना की." तू जरा वेळ दात घासत राहिलीस आणि मग म्हणालीस, "चांगलं हाय पर. वळख ना पाळख, त्याच्यासाठी आदीच तजवीज करून ठिवायची. सरकारला कवातरी अक्कल सुचती म्हनायची."

मी पुढं वाचलं की गाडीत आपल्याबरोबर फुकट बसून येणारा पाहुणा त्यात धरलेला नाही. त्यावर तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की दादा आतून विचारायला आला काय झालं म्हणून. तू त्याला सांगितलंस, "सासूबाईंना मोटारीत बसवून नेताना जपून न्या. त्या कागदात न्हाईत." आई तिथंच वाती वळत बसली होती. तीही हसली.

पुढची ओळ ड्रायव्हरची. मालकानं स्वतः चालवली तर चालेल, किंवा मालकाच्या हुकमानं वा परवानगीनं दुसऱ्या कुणी चालवली तरी चालेल, मात्र त्याच्याकडे लायसन हवं. आणि गाडी भाड्यानं द्यायची नाही. दिली तर विमा गेला. तू बबनला हाक मारून आत बोलावलंस आणि त्याचं लायसन मागितलंस. त्यानं कनवटीचा घामेजलेला कागद काढून दाखवला. त्यावरचं तुला एक अक्षर कळत नव्हतं, पण उलटसुलट बघून तू तो परत दिलास आणि म्हणालीस, "ठीक हाय." त्या दिवसापासून लग्नाला गाडी मागायला येणाऱ्याकडून तू एक पैसा घेऊ दिला नाहीस. पेट्रोल तुमचं, नारळ आमच्या गाडीपुढं फोडा, भाड्याचं नाव काढू नका. दादा कुरकुरायचा. तू म्हणायचीस, "वन्संनी वाचून दावलंय." जसं काही मीच तो कायदा केला होता.

खंडेनवमीला फावडी, घमेली, विटांचे साचे, गाडी सगळ्यांची पूजा व्हायची. तू गाडीच्या टपावर तो विम्याचा कागदही ठेवायचीस आणि त्यालाही हळदकुंकू वाहायचीस. पुण्याच्या हापिसात एकदा तो कागद दाखवायची वेळ आली तेव्हा तिथला साहेब त्या डागांकडे बघतच राहिला होता, असं बबन अजून सांगतो.

मग दादा गेला. नवे पैसे सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात. त्याबद्दल मी लिहीत नाही, तू तिथं होतीस.

विम्याची मुदत भरत आली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, गाडी आता तुझ्या नावावर करायला हवी." तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या तसंच." मी परत म्हटलं. तू परत तेच. बबनच्या हाती विम्याचे पैसे पुण्याला पाठवलेस आणि विमा दादाच्या नावावर चालू झाला. कंपनीला काय कळणार? पैसे आले, पावती दिली. दुसऱ्या वर्षीही तसंच.

किती भांडलो आपण त्यावरून. तुझं म्हणणं अगदी सरळ होतं. तू म्हणायचीस, "नदीकडच्या वावराच्या सातबाऱ्यावर अजून तुमच्या आज्याचं नाव हाय. त्यांना जाऊन किती वर्सं झाली? कुनाचं काय अडलं? ज्वारी उगवायची थांबली का?" आणि ते खरंच होतं. आपल्याकडे कुठल्या घरात सातबाऱ्यावर जिवंत माणसाचं नाव असतं? आजे-पणजे तिथं सुखानं नांदत असतात. वारस लावायला तलाठ्याकडे जातो कोण, भाऊबंदकी पेटल्याशिवाय?

मी म्हणायची, "वहिनी, जमीन एका जागी असते. ती कुणाच्या अंगावर जात नाही. गाडी जाते. विम्यात लिहिलंय, मालकाच्या परवानगीनं चालवली तरच. बबन आता कुणाच्या परवानगीनं चालवतो? मेलेला माणूस परवानगी देऊ शकत नाही."

तू परातीतला हात थांबवलास आणि माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "ह्या घरात काय त्यांच्या परवानगीबिगर चाललंय, वन्सं? भट्टी त्यांच्या हिशेबानं लागती. वावरात त्यांनी सांगितलं तेच पेरतो आमी. मला तर अजून वाटतं, उटताना त्यांना इचारून उटावं. आन् तुमी म्हनता, परवानगी चालत न्हाई."

कायदा माझ्या बाजूचा होता, पण तेवढ्यानं मी जिंकले असं मला कधी वाटलं नाही. माझाही तो भाऊच होता. त्या कागदावर त्याचं नाव वाचताना मलाही बरंच वाटायचं. तू कुंकू पुसू द्यायला तयार नव्हतीस, आणि पाचजणींनी धरून ते पुसलं. हे एक नाव तुझ्या हातात होतं, ते तू राखलंस. आता मला कळतं. तेव्हा मी नुसती इंग्रजी वाचून दाखवत होते.

चाकणच्या बाजाराच्या दिवशी झालं ते. तू मागं बसली होतीस, बबन चालवत होता. मोशीच्या पुढं कांद्याची एक बैलगाडी आडवी आली, बैल बुजला, आणि त्या बैलगाडीच्या कडेनं चालणारा गेनू नावाचा गडी धक्का लागून पडला. आपल्या मोटारीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. लोक जमले, कुणी बबनच्या गळपट्टीला हात घातला. तू खाली उतरलीस, त्यांना बाजूला केलंस, गेनूला मागच्या जागेवर आडवा घालून त्याचं डोकं मांडीवर घेतलंस आणि बबनला म्हणालीस, "हितं मार खात उभा ऱ्हाऊ नगंस, पुन्याला चल." हे मला बबननं सांगितलं. तू कधी बोलली नाहीस.

कंपनीचं पत्र आलं तेव्हा तेही मीच वाचून दाखवलं. त्यात रागाचा शब्द नव्हता. ज्यांच्या नावावर विमा आहे ते गृहस्थ अपघाताच्या आधीच वारले, नवीन मालकानं कळवलं नाही, तेव्हा नव्या मालकाशी कंपनीचा कुठलाच करार झालेला नाही, सबब दिलगीर आहोत. मी वाचायची थांबले. मला वाटलं तू चिडशील, कंपनीला चार शिव्या देशील. तू विचारलंस, "म्हंजी गेनूला कायबी मिळायचं न्हाई?"

"त्यांच्याकडून नाही."

तू उठून मोरीवर गेलीस आणि तोंड धुतलंस. परत आलीस आणि उभ्या उभ्याच म्हणालीस, "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून नाव ठिवलं. पाय त्याचा गेला. त्यो तर त्या कागदातला मानूस हुता, वन्सं. समदा कागदच त्याच्यासाठी हुता."

ते मी विसरू शकत नाही. तुला पटावं म्हणून मी एवढी वर्षं घसा कोरडा केला होता, आणि पटलं तेव्हा मला वाटलं, न पटतं तर बरं झालं असतं. मला तुला जवळ घ्यायचं होतं. आपल्यात तशी पद्धत नव्हती. मी फक्त म्हटलं, "चहा ठेवू का?" तू म्हणालीस, "ठिवा."

गेनूला तू बरा होईपर्यंत आपल्या ओसरीवर ठेवलंस. त्याची बायको-मुलंही आली. कोर्टाचं कुणी बोललं तर तूच त्यांना सांगायचीस, "जावा की कोडतात. मी यीन, खरं तेच सांगीन." ते गेले नाहीत. पाय जुळला तो वाकडाच. पुढं तू त्याला भट्टीवर राखणीला बसवलंस आणि त्याच्याशी कधी उपकाराच्या सुरात बोलली नाहीस. त्याची बायको एकदा तुझ्या पाया पडायला वाकली तेव्हा तू झटकन मागं सरलीस, ते मी दारातून पाहिलं होतं. त्याबद्दल मी तुला कधी विचारलं नाही.

आणि मग तू मला घेऊन पुण्याला गेलीस. एजंटांच्या खोलीत खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी अर्ज लिहिला. दादाच्या नावापुढे 'मयत' असं लिहून खाली तुझं नाव घातलं. तुला सही येत होती, मीच शिकवली होती. तू सही केलीस, कागद परत दिलास आणि जिना उतरताना म्हणालीस, "त्या वक्ताला बायकांनी पुसलं. आज माझं मीच पुसलं." चिंचवडला उतरल्यावर विचारलंस, "आता बबन माझ्या परवानगीनं चालवनार, व्हय ना?" मी म्हटलं, हो. "मंग गेनूगत दुसरा कुनी पडला तर?" मी म्हटलं, तर कंपनी बघेल. तू मान हलवलीस.

हे सगळं मला माहीत आहे, वहिनी. तरी परवापासून तो अर्ज कोराच पडला होता. दोनदा दौत उघडली आणि मिटली. आई कधीच गेली, वारस म्हणून मीच आहे, दुसरं कोण आहे आपल्या घरात? मूलबाळ तुला झालं नाही आणि मला तू होऊ दिलं नाहीस असं मी चिडले की म्हणायची. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तुला माहीत होतं, म्हणून तू कधी उलट बोलली नाहीस. तुझा मिश्रीचा डबा अजून खुंटीखाली आहे. तुझ्या दोन साड्या मी कुणाला दिल्या नाहीत. त्या ठेवल्या तर कुणाचं बिघडत नाही. साडी कुणाच्या अंगावर जात नाही. माझंच वाक्य मला परत ऐकू आलं आणि मी एकटीच हसले, आणि मग रडूही आलं.

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता. मधे दोन दिवस गेले.

काल मी अर्ज लिहिला. तुझं पूर्ण नाव लिहिलं, तुझ्या माहेरचंही कंसात लिहावंसं वाटलं, पण त्याला जागा नव्हती. पुढं तो शब्द लिहिला. खाली माझं नाव. बबनला सकाळच्या लोकलनं पुण्याला पाठवलं. संध्याकाळी तो एजंटांची तात्पुरती चिठ्ठी घेऊन आला, नवा कागद येईपर्यंत चालेल अशी. एजंटांनी निरोप दिला होता की मालकीणबाईंसारखी माणसं आता बघायला मिळत नाहीत. मी तो निरोप ऐकला आणि चिठ्ठी गाडीत ठेवायला सांगितली. तुला आवडलं नसतं मी सगळ्यांसमोर रडलेलं.

आज पहाट फुटता फुटता शेवंताबाई धावत आली. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. मी तिला म्हटलं, गोधडी घे, उशी घे, बाकीचं मी बघते. बबन उठलेलाच होता. किल्ली त्याच्याच खिशात असते, छपराचं दारही त्यानं उघडलं होतं. तरी तो ओसरीपाशी येऊन उभा राहिला. दादा होता तेव्हा तो दादाला विचारायचा, मग तुला विचारायला लागला. मला आजवर त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"ताई, गाडी काढू का?"

मी मागं वळून बघितलं, वहिनी. खरंच बघितलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, चूल अजून पेटायची होती, आत कुणी नव्हतं. बबन तसाच उभा होता.

मग मी म्हणाले, "काढ."